टोकाकडचं वजन

आयुष्यात मी चुका भरपूर केल्या, पण सगळ्यांत मोठी चूक मी वजनकाट्यावर तोलून केली. अर्ध्या ग्रॅमचाही फरक राहू दिला नाही.

आमच्या ह्यांचा पूल खेळायचा हॉल आहे, सहा टेबलांचा. त्याच्या मागच्या खोलीत मी स्टिका दुरुस्त करते. खोली म्हणजे एक लेथ, एक लांब बाक, एक खिडकी आणि भिंतीला टांगलेल्या आजारी स्टिका. माझे वडील खरादी होते. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, दरवाज्यांच्या मुठी, जे जे गोल ते त्यांच्या हातून जायचं. फिरत्या लाकडाच्या आवाजावरून आतली गाठ कुठे आहे हे मला दहाव्या वर्षीच कळायचं. ह्यांनी हॉल काढला तेव्हा बाकी काही मला जमलं नाही तरी हे जमलं. हे बाहेर काउंटरवर बसतात आणि येईल त्याच्याशी गोड बोलतात. मी आत बसते, कारण मला गोड बोलता येत नाही.

खेळाडू माझ्याकडे तक्रार घेऊन येतो ती बहुतेक वेळा हरून आल्यावर. स्टिक जड वाटते, हलकी वाटते, पुढे ओढते, मागे ओढते. मी ऐकून घेते आणि स्टिक काट्यावर ठेवते. मग लाकडी पट्टीच्या धारेवर आडवी तोलून धरते आणि तोल कुठे येतो तिथे पेन्सिलची खूण करते. वजन आणि तोल, दोन आकडे. ते ठीक असले की मी स्टिक परत देते आणि म्हणते, "स्टिक बरी आहे, स्वतःकडे बघा." माझं हे वाक्य हॉलमध्ये सगळ्यांना पाठ आहे. लोक हसतात, पण माझ्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. ह्याचा मला अभिमान होता, उगाच कशाला लपवू.

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. शहर बसचे ड्रायव्हर, अठ्ठावीस वर्षं झाली. सकाळपाळी संपली की घरी जाऊन आंघोळ करायची आणि चार वाजता हॉलमध्ये हजर. सव्वीस वर्षं ते एकाच शाफ्टने खेळले. शाफ्ट म्हणजे स्टिकचा पुढचा निमुळता अर्धा भाग, ज्याच्या टोकाला चामड्याची टिप असते. तो मॅपलचा शाफ्ट मीच लेथवर उतरवला होता, नवी नवरी असताना. दर वर्षी पॉलिशपेपर मारून मारून तो जरासा बारीक झाला होता आणि भावजींच्या बोटांना त्याची इतकी सवय होती की दुसऱ्या कुणाची स्टिक घेतली तर ते चष्मा विसरल्यासारखे चाचपडायचे.

त्या शाफ्टला मागच्या दांड्याच्या सांध्याजवळ चीर गेली. मी डिंक भरला, दोरा बांधला, पण चीर वाढत होती. हॉलमधली जोड्यांची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. भावजींची जोडीदार त्यांची एकुलती एक लेक. ती लहानपणी टेबलाच्या काठावरून हातांवर सरपटत जायची म्हणून तिला मुंगी म्हणतात. आता पंचविशीची आहे, लॅबमध्ये रक्त तपासते, पण अजून मुंगीच. तिची आई गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बापलेक घरात कमी आणि टेबलावर जास्त बोलतात.

मुंगीने बापाला न विचारता कार्बन फायबरचा शाफ्ट आणला. काळाकुळकुळीत, गुळगुळीत, हुबेहूब तिच्या स्वतःच्या शाफ्टसारखा. ती पहिल्यापासून कार्बननेच खेळते. भावजींनी तो हातात घेतला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "वहिनी, ह्याला लाकूड म्हणायचं की पाइप?" पण तोंडभर हसत होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'लो डिफ्लेक्शन' की काय ते लिहिलं होतं. मी म्हटलं जाहिरात असेल. खोकं चांगलं मजबूत होतं, मी त्यात स्क्रू ठेवले.

पुढचा सगळा घोळ समजायला एक गोष्ट सांगते, फार अवघड नाही. पांढऱ्या बॉलच्या बरोबर मधे टिप लागली तर तो सरळ जातो. पण कधी कधी त्याला फिरकी द्यायची असते, म्हणून डाव्या किंवा उजव्या अंगाला मारतात. खेळाडू त्याला साइड म्हणतात. डाव्या अंगाला मारलं की बॉल जाताना थोडा उजवीकडे ढळतो. अगदी थोडा, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाताना तेवढ्याने पॉकेट हुकतं. जुने खेळाडू तेवढं आधीच डावीकडे धरून मारतात. कुणी त्यांना शिकवलेलं नसतं आणि आपण तसं करतोय हे त्यांना ठाऊकही नसतं. डोळा आपला आपण शिकतो.

नवीन शाफ्ट लावून पहिल्याच दिवशी भावजींचे सरळ मारलेले बॉल पडले आणि साइड दिलेले सगळे हुकले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे.

"वहिनी, ह्यात काहीतरी कमी आहे. हातात काही लागतच नाही."

"हलका आहे म्हणून असेल. द्या इकडे."

मी जुना शाफ्ट तोलला, एकशे एकवीस ग्रॅम. नवा एकशे बारा. तोलही अंगठाभर सरकलेला. मला हायसं वाटलं, कारण दोष आकड्यात सापडला की मला पुढचं सगळं येतं. पितळेची कडी कातून सांध्याच्या आत बसवली, एक पोकळ नळी त्याच्या थोडी पुढे सरकवली, परत काढली, परत घासली. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी दोन्ही शाफ्ट एकाच वजनाचे आणि एकाच खुणेवर तोलणारे झाले. भावजींना काटा दाखवला, पट्टीवरची खूण दाखवली. आणि मी छातीठोकपणे म्हणाले, "घ्या. जुन्यात आणि ह्यात आता तसूभर फरक नाही. आता चुकलं तर हात तुमचा."

हे मी शनिवारी म्हणाले. मंगळवारी संध्याकाळी बापलेकीने सरावासाठी एका जोडीबरोबर सामना लावला. मी दारात उभी राहून शेवटचा डाव बघितला. काळा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटजवळ होता, पांढरा अर्ध्या टेबलावर. भावजींनी हा फटका आयुष्यात काही हजार वेळा तरी मारला असेल. त्यांनी नेहमीसारखी थोडी डावी साइड दिली. काळा बॉल पॉकेटच्या कडेला आपटला आणि बाजूला जाऊन थांबला. मुंगी लगेच म्हणाली, "असू दे हो बाबा, होतं असं." भावजींनी स्टिककडे बघितलं नाही, आपल्या हाताकडे बघितलं. उघडून, पालथा करून.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते परस्पर माझ्याकडे आले आणि पिशवीतली स्टिक बाकावर ठेवली. "राहू द्या तुमच्याकडे. मुंगीला दुसरा जोडीदार बघायला सांगितलंय."

"अहो, चार दिवस झाले नाहीत तोवर हात टेकलेत? लहान मुलासारखं रुसायचं वय आहे का हे?"

"रुसलो नाही. तुम्हीच म्हणालात ना, हात माझा." एवढंच बोलून ते गेले. मला त्यांचा राग आला. नाटकं करतात झालं, असं मी ह्यांना म्हणालेसुद्धा.

शनिवारी दुपारी मुंगी आली. हॉल रिकामा होता. ती बाकावर बसली आणि मी दिलेला चहा तसाच निववत बसली.

"काकू, बाबा सोमवारी डेपोत अर्ज देतायत. गाडीवरून काढून ऑफिसात टेबलावर बसवा म्हणून."

"काय झालं? डॉक्टरने काही सांगितलं का?"

"डॉक्टरकडे गेलेच नाहीत. म्हणतात, हाताने आणि नजरेने आता दगा दिला. म्हणतात, दोन हातांवरचा बॉल ज्याला चुकतो त्याने पन्नास माणसं मागे बसवून गाडी चालवू नये. अर्ज लिहून तयार आहे. मी भांडले तर म्हणाले, तुझ्या काकूने तोलून दिलंय, स्टिकमध्ये दोष नाही."

एखादं वाक्य आपण सवयीने फेकतो आणि ऐकणारा ते घरी घेऊन जातो, उशाशी ठेवतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण त्याही वेळी, खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की वजन बरोबर आहे, तोल बरोबर आहे, मी काय चुकीचं बोलले?

मुंगीने बापाची स्टिक उचलली आणि उगाच चाळा म्हणून दोन-चार फटके मारले. डावी साइड, उजवी साइड, सगळे आत. "ह्यात खरंच काही दोष नाहीये काकू. माझ्या स्टिकसारखीच मारते."

"मग त्यांच्या जुन्याने मारून बघ." जुना शाफ्ट मी टाकला नव्हता. दोऱ्याने आवळलेला बाकाखाली पडून होता. चार-दोन फटके सोसेल एवढा जीव त्यात होता. मी तो मागच्या दांड्याला लावून दिला.

मुंगीने डावी साइड देऊन मारलं आणि हुकलं. परत मारलं, परत हुकलं, त्याच बाजूला, तेवढंच. ती वाकून शाफ्टकडे एक डोळा मिटून बघू लागली. "काकू, हा वाकलाय का?"

तो वाकलेला नव्हता. तो मी कातला होता. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मग आम्ही दोघींनी नीट बघायचं ठरवलं. समोरच्या काठावर चॉकने रेघ ओढली. पांढरा बॉल अलीकडच्या टोकाला ठेवला. मुंगीने डाव्या अंगाला भरपूर साइड देऊन थेट रेघेवर नेम धरायचा आणि बॉल कुठे आपटतो तिथे मी बोट ठेवायचं. जुना शाफ्ट: रेघेच्या उजवीकडे चार बोटं. कार्बन: दोन बोटं, कधी जेमतेम अडीच. दहा दहा वेळा मारलं. वजन एक, तोल एक, मारणारी एक, आणि बॉल मात्र दुपटीने ढळतोय. खोक्यावरचं 'लो डिफ्लेक्शन' म्हणजे हेच, कमी ढळणं.

मी कार्बनच्या शाफ्टची टिप काढली आणि पुढच्या पांढऱ्या टोपीच्या आत डोकावले. आत पोकळ, हलका फोम भरलेला. लाकडाचा शाफ्ट टोकापर्यंत भरीव असतो. मी त्यांच्यात जी बरोबरी केली होती ती सगळी मागे, सांध्यापाशी पितळ घालून. तोल म्हणजे सगळ्या वजनाची सरासरी. टोकाला हलका आणि मधे जड असा शाफ्टसुद्धा त्याच खुणेवर तोलतो, आणि काट्याला तर काहीच कळत नाही. पण बॉलला लागते ती टिप. तो क्षण इतका लहान की मागच्या दांड्याला बातमी पोचेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. बॉलशी गाठ पडते ती फक्त पुढच्या वीतभराची.

खात्री करायला मी टिप परत चिकटवली आणि पुढच्या वीतभर भागावर तांब्याची तार गुंडाळली. तीन बोटं. आणखी गुंडाळली. चार बोटं. थेट जुन्या शाफ्टसारखं. मग तीच तार उलगडून दीड वीत मागे गुंडाळली आणि बॉल पुन्हा दोन बोटांवर आला. आठ ग्रॅम तांबं, सगळं मिळून. मुंगी म्हणाली, "म्हणजे बाबांची नजर..."

"तुझ्या बाबांची नजर चोख आहे. सव्वीस वर्षं त्यांनी चार बोटांचा हिशेब धरलाय आणि आपण त्यांच्या हातात दोन बोटांचा शाफ्ट दिला. ते बरोबर मारतायत म्हणून हुकतंय."

मुंगी तिथेच टेबलाच्या काठावर बसली आणि रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. "मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"थांब," मी म्हणाले. "मी सांगते."

आता इथे मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी सांगायचं म्हटलं आणि सांगायला माझी जीभ रेटेना. इतक्या वर्षांत ह्या हॉलमध्ये मी कुणाला 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही. आणि मला एक पळवाट दिसली. पितळेची आठ ग्रॅमची गोळी कातून टोपीच्या आत बसवायची, मागची कडी काढून टाकायची आणि शाफ्ट मुकाट्याने भावजींच्या हातात द्यायचा. त्यांचे बॉल पडतील, त्यांचा जीव भांड्यात पडेल, अर्ज फाटेल, आणि माझी चूक टोपीच्या आतच राहील. कुणाचं काय बिघडलं? मुंगीला मी सांगितलं की दोन दिवस गप्प राहा, मी माझ्या पद्धतीने करते. तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं, पण काकूच्या शब्दाबाहेर तीही गेली नाही.

रविवारी सकाळी हॉल उघडायच्या आधी मी भावजींना बोलावून घेतलं. टेबलाचं कापड बदललंय, जरा बघून जा, असं सांगून. मोठ्या वहिनीला नाही म्हणायची त्यांची टाप नाही. ते आले. दाढी वाढलेली. मी स्टिक पुढे केली. "नुसते चार फटके मारा, कापड कसं पळतंय ते कळू दे."

पहिला त्यांनी सरळ मारला. दुसऱ्याला थोडी साइड, आत. तिसऱ्याला भरपूर साइड, लांबून, आत. चौथा, पाचवा. पाचव्यानंतर त्यांनी स्टिक खाली टेकवली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, झालं, सुटले. मी खुशीत म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हते?"

त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. ते टेबलाला पाठ टेकून उभे राहिले.

"वहिनी, गेलेली नजर परवडली. निदान माणूस गपगुमान घरी बसतो. ही येऊन-जाऊन असलेली नको. मंगळवारी नव्हती, आज आहे. उद्या असेल? गाडी सुरू करताना मी कुणाला विचारायचं? नाही, अर्ज उद्या देतोच. बरं झालं बोलावलंत. मन थोडं डळमळत होतं, आता पक्कं झालं."

मी काय करून बसले ते मला त्या क्षणी समजलं. माझ्या पळवाटेने त्यांना थेट डेपोच्या दारात नेऊन सोडलं होतं.

मी त्यांच्या हातून स्टिक घेतली. शाफ्ट फिरवून सोडवला, पात्याने टिप काढली, टोपी हलवून सैल केली आणि शाफ्ट टेबलावर आपटला. पितळेची गोळी कापडावर पडली आणि घरंगळत जाऊन थांबली.

"हे काय?"

"पितळ. आठ ग्रॅम. काल मी घातलं." मग मी सगळं सांगितलं. चॉकची रेघ, चार बोटं, दोन बोटं, तांब्याची तार. आधी भराभर सांगत होते, मग अडखळायला लागले. "तुमची नजर कुठे गेली नव्हती, भावजी. मी मागचं वजन मोजलं आणि पुढचं मोजलंच नाही. चूक माझी होती. आणि आज परत ती लपवायला तुम्हाला इथे आणलं."

भावजींनी गोळी उचलली. बोटांत फिरवली.

"त्या शनिवारी तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं?"

"आठवतं."

"म्हणा."

"आता चुकलं तर हात तुमचा."

"गुरुवारी," ते म्हणाले, "त्या गोदामाच्या गल्लीत, जिथे सकाळचा ट्रक लागतो, तिथे मी गाडी थांबवली. ट्रक आणि भिंत ह्यांच्या मधून रोज जातो. अठ्ठावीस वर्षं जातोय. त्या दिवशी मला कळेना, गाडी मावेल का. पुढे न्यायचा धीर होईना, मागे घ्यायचा होईना. शेवटी कंडक्टरला म्हटलं, उतर आणि हात दाखव. तो हसला, त्याला वाटलं गंमत करतोय. मागे लोक हॉर्न वाजवतायत. एक बाई उठून पुढे आली आणि विचारलं, दादा, बरं वाटत नाहीये का? मला घाम सुटलेला. वहिनी, लेकीच्या वयाच्या त्या कंडक्टर पोराच्या हाताकडे बघत बघत मी गाडी काढली. आंधळ्यासारखी."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मला भांडता येतं. ते शांतपणे सांगत होते आणि मला डोळे पुसायलाही हात उचलवेना.

"मग आता तरी अर्ज देऊ नका," मी म्हणाले. "आता कळलं ना खरं काय ते."

"काय कळलं? हात माझा चुकतोय असं तुम्ही सांगितलंत, मी मानलं. आता सांगताय चुकत नाही. लगेच तेही मानू?" त्यांनी गोळी टेबलाच्या काठावर ठेवली, बेताने, घरंगळणार नाही अशी. "तुम्ही वाईट माणूस नाही आहात वहिनी. पण माझी नजर आहे की नाही, हे मी तुमच्याकडून ऐकून बसलो, हे माझंच चुकलं."

ते निघून गेले. हे काउंटरवरून सगळं ऐकत होते. एरवी एवढं बोलणारा माणूस, पण माझ्याजवळ येऊन नुसते उभे राहिले आणि टेबलावरचा चॉक पुसत बसले.

अर्ज देणार की नाही, ते भावजी बोललेच नव्हते. मुंगीला फोन केला तर ती म्हणाली, खिशात आहे, मलाही काही सांगत नाहीत. सोमवारी सकाळी मी चहासुद्धा न घेता घरातून निघाले आणि त्या गोदामाच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. अर्ज दिला असेल तर पहिल्या फेरीला गाडीवर दुसरंच कुणी असणार. ट्रक लागलेला होता. दोन हमाल पोती उतरवत होते. एका बाजूला ट्रकचा आरसा, दुसऱ्या बाजूला गोदामाची उघडीबोडकी विटांची भिंत. मधली जागा मी परत परत बघितली. इथून बस जाते?

सव्वासातला बस वळणावर दिसली. काचेमागे भावजी होते.

गाडी ट्रकपाशी आली आणि थांबली. कंडक्टर दारात येऊन एक पाय खाली टाकत होता. भावजी मागे वळून त्याला काहीतरी म्हणाले आणि तो पाय वर घेऊन आत गेला. मग भावजींनी समोर बघितलं आणि त्यांना मी दिसले. भिंतीच्या पलीकडच्या टोकाला, थेट त्यांच्या समोर उभी.

मला तिथून दिसत होतं की जागा आहे. स्वच्छ दिसत होतं. माझा उजवा हात आपोआप वर निघाला, या, या, पुढे या, असं दाखवायला. आयुष्यभर तेच केलंय मी, लोकांना सांगितलंय कसं आहे ते. तो हात मी डाव्या हाताने धरला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुखायला लागलं. मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. भावजी माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

मग त्यांनी माझ्यावरची नजर काढली. डावा आरसा बघितला, उजवा बघितला. गिअर पडल्याचा आवाज आला. बस पुढे सरकली, एकदाही न अडखळता, हमालांच्या अंगावर वारा टाकत आली आणि माझ्या शेजारून गेली. भिंतीकडे किती जागा राहिली ते मी बघितलं नाही. खिडकीतल्या माणसांपैकी कुणीही बाहेर बघत नव्हतं. एकजण जांभई देत होता.

गल्लीच्या तोंडाशी भावजींनी हॉर्न वाजवला. तो माझ्यासाठी नव्हता. पुढे एक सायकलवाला रस्त्याच्या मधून चालला होता.